काचेच्या पेटीतला पाहुणा

गतवर्षी उज्जैनीस जाण्याचा योग आला. आपल्या वसईकडील एक कुटुंब रेल्वेच्या नोकरीनिमित्त फार वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि तिथलेच होऊन राहिले. त्यांच्या घरी मी दोन दिवस उतरलो होतो. बैठकीच्या खोलीत दोन फूट लांबीची काचेची पेटी होती. तीत एकच मासा होता. पण तो वीतभराहून मोठा झाला होता, आणि वळताना त्याची शेपटी दर खेपेस काचेवर आपटत होती.

घरातील बारा वर्षांचा नातू मोठ्या अभिमानाने म्हणाला, "फादर, हा पिराना आहे. माणसाला खातो!"

मी वाकून पाहिले. माशाने तोंड उघडले तेव्हा आत करवतीसारखे त्रिकोणी दात दिसले नाहीत; दिसले ते आपल्या दाढांसारखे बोथट, चौकोनी दात. हा पिराना नव्हे, त्याचा चुलतभाऊ पाकू होता. आपल्या मासळीबाजारात 'रूपचंद' ह्या नावाने जो स्वस्त, गोड्या पाण्यातील मासा येतो, आणि जो कधीकधी पापलेट म्हणूनही गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला जातो, तोच हा.

आजोबा हळूच म्हणाले, "फादर, उद्या पहाटे ह्याला क्षिप्रेत सोडायचे ठरवले आहे. मुका जीव, मोकळा तरी होईल."

मी म्हणालो, "आजोबा, एक दिवस थांबा. आधी आपण बोलू." त्या संध्याकाळी जे बोलणे झाले, तेच वाचकांपुढे ठेवीत आहे, कारण रंगीत मासे पाळण्याची हौस आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे.

पिराना आणि पाकू हे दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेतील नद्यांचे रहिवासी. लहानपणी दोघांचेही पोट तांबडे असते, त्यामुळे रुपयाएवढे पिल्लू पाहून भल्याभल्यांची फसगत होते. ओळखण्याची खूण दातांत व जबड्यात आहे. पिरानाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, व दात धारदार. पाकूचा जबडा तसा पुढे येत नाही. पावसाळ्यात अरण्यात पाणी शिरले की झाडांवरून पडणारी फळे व कठीण बिया फोडून खाणे हा त्याचा धर्म. पिरानाची नरभक्षक म्हणून जी ख्याती झाली, तिला अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1913-14 च्या ब्राझील प्रवासावर लिहिलेल्या पुस्तकाने फार मोठा हातभार लावला. प्रत्यक्षात तो भित्रा मासा आहे. आडोसा नसला की बिथरतो.

तेव्हा घरी आणावयाचा तर कोणता? उत्तर माशाच्या आजच्या आकारावरून देऊ नये, उद्याच्या आकारावरून द्यावे. तांबड्या पोटाचा पिराना सुमारे एक फुटापर्यंत वाढतो आणि त्याला सोबत लागते. चार-पाच पिरानांसाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटी हवी. तीत सुमारे 680 लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन पावणेसात क्विंटल. साध्या मेजावर ती ठेवता येणार नाही. जागा अपुरी पडली किंवा पोट रिकामे राहिले, तर ते एकमेकांचे पर तोडतात. शिवाय परदेशांत कित्येक ठिकाणी, अमेरिकेच्या अनेक राज्यांत तर निश्चितच, पिराना बाळगणे कायद्याने मना आहे. आपल्याकडेही घेण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याकडे विचारणा करावी.

पाकू स्वभावाने गरीब; पण तो दोन फुटांहूनही मोठा होतो आणि पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. बैठकीच्या खोलीतली कोणतीही पेटी त्याला पुरणार नाही. त्याला हजारो लिटरांचा हौदच लागतो. खरे सांगावयाचे तर सामान्य घराने ह्या दोहोंपैकी एकही आणू नये, हेच उत्तम.

नातवाने विचारले, "फादर, चार आणले होते. तीन पहिल्या आठवड्यातच का मेले?"

नवी पेटी भरून त्याच दिवशी मासे सोडले, हेच त्याचे कारण असावे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष पाण्यात उतरते. त्याचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू गाळणीत वस्तीस येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून मगच ते वापरावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. पाण्याची ऊब 24 ते 28 अंश असावी. उज्जैनीची थंडी आपल्या किनाऱ्यासारखी सौम्य नसते, म्हणून तेथे पाणी गरम ठेवणारे विजेचे उपकरण हवेच. पाकूला पालक, काकडी, केळे व कोरडे खाद्य द्यावे; पिरानाला मासळीचे वा कोळंबीचे तुकडे. उरलेले लगेच काढून टाकावे. आणि दोघांच्याही पेटीत लहान मुलांनी हात घालू नये. बियांचे कवच फोडणारा दात बोट ओळखत नाही.

आता आजोबांच्या क्षिप्रेविषयी. क्षिप्रा चंबळेस मिळते, चंबळ यमुनेस व यमुना गंगेस. परका मासा नदीत सोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात तण पेरण्यासारखे आहे. त्याला थंडी सोसली नाही तर तो तडफडून मरेल. सोसली तर तेथल्या मूळच्या माशांचा घास व जागा बळकावील. केरळात 2018 च्या महापुरात शेततळी फुटून पाकूसारखे परदेशी मासे नद्यांत शिरले. आपल्या उजनी धरणात हौशी लोकांच्या पेट्यांतला काच चाटणारा 'सकर' मासा एवढा माजला आहे की कोळ्यांच्या जाळ्यांत तोच भरतो आणि जाळी फाटतात. ज्याने पहिला मासा सोडला असेल, त्यालाही दयाच आली असेल. पण ज्या दयेचे बिल दुसऱ्याला भरावे लागते, ती अपुरी दया होय.

मग करावयाचे काय? दुकानदारास परत द्यावा. मोठा हौद असणाऱ्या जाणकारास द्यावा. तेही न जमल्यास, ऐकावयास कठोर वाटेल, पण हा खाण्याचाच मासा आहे. हे शेवटचे वाक्य ऐकून नातवाच्या डोळ्यांत पाणी आले.

दुकानदाराने मासा परत घेतला नाही. तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प बसले, आणि मग उठून मागल्या पडवीतला जुना सिमेंटचा हौद दाखवू लागले. सात फूट लांब, चार रुंद, तीन खोल. म्हणजे सुमारे चोवीसशे लिटर. वर छप्पर होते, आणि पाणी नदीनाल्यास जाण्याची वाट नव्हती. हौद घासून घ्यावा, पेटीतली जुनी गाळणीही त्यात लावावी, आणखी एक मोठी जोडावी, मासा उडी मारतो म्हणून वर जाळी बसवावी, असे ठरले. विजेच्या खर्चाचा आकडा ऐकून आजोबांनी कपाळाला हात लावला.

"पण आणला आपणच ना?" ते नातवाला म्हणाले. "मग जन्मभर सांभाळायचाही आपणच. तू तीस वर्षांचा होशील तेव्हाही हा असेल, बरं का!"

दोन महिन्यांनी मुलाचे पत्र आले. अक्षर वाकडेतिकडे होते, मजकूर थोडका. मासा आता काठापासून काठापर्यंत सरळ पोहतो, केळ्याचा तुकडा टाकला की वर येतो, आणि दर रविवारी पाणी बदलण्याचे काम त्याच्याचकडे आहे. शेवटी लिहिले होते, "फादर, वर्गातला एक मित्र पिराना घेणार होता. मी त्याला आधी आमचा हौद दाखवला. त्याने विचार सोडला."