पहिला डबा कोणता घ्यावा?

गाणे शिकवणाऱ्या माणसाच्या टेबलावर तंबोऱ्याच्या तारांच्या वेटोळ्याशेजारी विमानाचे पंख वाळत पडलेले पाहिले की येणारे-जाणारे आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "मास्तर, आम्हालाही हे करून पाहायचे आहे, पहिला डबा कोणता घ्यावा?" प्रश्न साधा दिसतो खरा, पण ह्या छंदात माणूस टिकतो की महिन्याभरात गळतो, हे पुष्कळदा त्या पहिल्या डब्यावरच ठरते.

ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. डब्यात प्लॅस्टिकच्या चौकटीला विमानाचे, जहाजाचे अथवा मोटारीचे सुटे भाग जोडलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवून हुबेहूब प्रतिकृती उभी करायची. विलायतेत एअरफिक्स कंपनीने 1952 साली 'गोल्डन हाइंड' हे जहाज पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकले आणि तिकडच्या सामान्य घरांत हा छंद शिरला.

मागल्या दिवाळीत माझा एक शिष्य, वय वर्षे तेरा, साठवलेले खाऊचे पैसे घेऊन माझ्याकडे आला. ह्या मुलाने तबला सोडला होता, बुद्धिबळ सोडले होते. "हेही सोडेल," असे त्याचे वडील त्याच्यादेखत म्हणाले. मुलाची नजर 'यामातो' ह्या जपानी युद्धनौकेवर होती. मूळ नौका 263 मीटर लांब. 1:350 प्रमाणात ती पाऊण मीटर होते. भाग शेकडो, त्यांतले कित्येक तांदळाच्या दाण्याएवढे. मी ती घेऊ दिली नाही. तो रुसला. पण वडिलांचे ते वाक्य खरे करून दाखवायचे असते, तर त्या डब्याहून खात्रीचा उपाय नव्हता.

माझे वडील राजघराण्याच्या पदरी गवई होते. दरबारी कानडा त्यांचा हातखंडा, तरी नव्या शिष्याला ते आधी भूप देत. पाच स्वर, सरळ वाट, आणि काहीतरी अथपासून इतिपर्यंत गायल्याचा आनंद लवकर हाती येतो. मौलाबख्शांनी 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ह्याच बडोद्यात गायनशाळा काढली, तेव्हा त्यांनीही स्वरलिपीची कास धरली. डब्यातला सूचनांचा कागद ही ह्या छंदाची स्वरलिपीच समजा. तो आधी पुरता वाचावा. मग कातरीला हात घालावा.

पहिला डबा पुरा होईल असा हवा. माझ्या मते दुसऱ्या महायुद्धातले एका इंजिनाचे, पंखांची एकच जोडी असलेले लढाऊ विमान सर्वांत बरे. स्पिटफायरचा पंखविस्तार सुमारे 11.23 मीटर, 1:72 प्रमाणात तो साडेपंधरा सेंटिमीटर होतो, म्हणजे विमान तळहातावर राहते. ज्यांना माझ्यासारखी चाळिशी लागली आहे त्यांनी 1:48 घ्यावे, भाग मोठे असतात. पहिल्या महायुद्धातली दुपंखी विमाने दिसतात मोहक, पण वरचा पंख चारसहा काड्यांवर सरळ बसवताना जाणत्यांचीही तारांबळ उडते. रणगाड्याला चाकेच चाके. मोटारीला लखलखीत रंग लागतो, आणि त्यावर धुळीचा एक कण बसला तरी डोळ्यांत खुपतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र जपानच्या बांदाई कंपनीचे, 1980 पासून निघणाऱ्या गुंडाम यंत्रमानवांचे साधे डबे द्यावेत. त्यांतल्या हल्लीच्या डब्यांचे भाग नुसते दाबून बसतात आणि प्लॅस्टिकच रंगीत असते.

डब्यावरच्या चित्राला भुलू नये. चित्र नवे आणि आतला साचा पन्नास वर्षांचा, असे सर्रास असते. जुन्या साच्यातल्या भागांच्या कडांना प्लॅस्टिकचे पापुद्रे येतात, सांध्यांत फटी राहतात. दुकानदाराला साचा कोणत्या सालचा ते विचारावे; विचारण्यात संकोच कसला?

आमच्या शिष्याने अखेर 1:72 चे स्पिटफायर घेतले, तेही एक गोष्ट ऐकल्यावर. महायुद्धात बडोदे संस्थानाच्या देणगीवरून ब्रिटिश विमानदलाच्या 124 क्रमांकाच्या तुकडीच्या नावाला 'बरोडा' हा शब्द जोडला गेला, आणि 1941 पासून ती तुकडी स्पिटफायरच उडवीत होती. डब्यात चिन्हे दुसऱ्याच तुकडीची निघाली, तीच त्याने पाण्यात भिजवून लावली. पहिल्या खेपेस डब्यातलेच वापरावे. सतरा दिवसांत विमान पुरे झाले. वडील काही बोलले नाहीत; त्यांनी दिवाणखान्यातल्या कपाटाची काच पुसली आणि विमान स्वतःच्या हाताने आत ठेवले.

त्या विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाचा एक ठसा आहे, तो आता जन्माचा. ह्या छंदातला सिमेंट डिंकासारखा नुसता चिकटत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणून ओल्या सांध्यावर बोट टेकले की ठसा राहतो. सिमेंट थेंबभरच घ्यावा. वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाला तो लावूच नये, काच धुरकटते. तेथे आपला फेव्हिकॉल उत्तम, वाळला की दिसत नाही. आणि जोडलेला सांधा रात्रभर तसाच राहू द्यावा, कितीही हात शिवशिवले तरी.