दहा आकड्यांची ओळख

मराठी वृत्तपत्रांतील 'वर पाहिजे' आणि 'वधू पाहिजे' या सदरांखालच्या जाहिराती ज्यांनी कधी कुतूहलाने वाचल्या असतील, त्यांना त्यांच्या शेवटी येणारे दोन शब्द आठवत असतील : 'बॉक्स नंबर'. मुलीचे वय, उंची, शिक्षण, गोत्र, नोकरी असा सारा तपशील दिल्यावर पत्ता मात्र दिलेला नसे. उत्तरे वृत्तपत्राच्या कचेरीत येत आणि तेथून जाहिरातदाराच्या हाती पडत. जाहिरात कोणाची, हे कचेरीला ठाऊक असे; वाचणाऱ्याला नसे. ही व्यवस्था कोणा तत्त्वज्ञाने योजलेली नव्हती, पण तिच्यात एक मोठे शहाणपण होते. माणसाची खात्री करून घेणे आणि माणसाला उघडे पाडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ती कचेरी जाणून होती.

आज तरुण मुलेमुली परस्परांचा परिचय करून घेण्यासाठी ज्या साधनांचा आश्रय घेतात, त्यांना डेटिंग ॲप असे नाव रूढ झाले आहे. त्यांपैकी टिंडर २०१२ साली आणि बंबल २०१४ साली सुरू झाले. अशा ॲपच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताच मोबाइलचा क्रमांक मागितला जातो. क्रमांक दिला की काही क्षणांत एक सांकेतिक अंक संदेशाने येतो, तो ठरावीक जागी भरला की दार उघडते. या अंकाला ओटीपी म्हणतात, म्हणजे एकदाच चालणारे परवलीचे शब्द म्हणा ना! सहा आकडी अंकाचे दहा लाख प्रकार संभवतात; त्याची मुदत थोडी असते आणि चुकण्याची मुभाही मोजकीच असते, म्हणून तो अंदाजाने ओळखणे जवळजवळ अशक्य होते.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. या विधीने सिद्ध काय होते? सिद्ध इतकेच होते की, त्या क्षणी त्या क्रमांकावर आलेला संदेश वाचू शकणाऱ्या माणसाने तो अंक भरला. तो माणूस कोण, त्याचे नाव खरे की खोटे, तो अविवाहित आहे की दोन मुलांचा बाप आहे, त्याचा हेतू काय, यांपैकी कशाचाही उलगडा त्या सहा आकड्यांतून होत नाही. सिमकार्ड घेताना दूरसंचार कंपनीने ओळखपत्र तपासलेले असते, हे खरे. पण ती ओळख कंपनीच्या दप्तरात राहते, ॲपच्या पडद्यावर येत नाही. शिवाय एकाच्या नावाचे कार्ड दुसऱ्याच्या खिशात असणे आपल्या घराघरांतून नित्याचे आहे.

जयपूर शहराला या प्रश्नाचा फार भीषण परिचय २०१८ साली घडला. त्या वर्षीच्या मे महिन्यात टिंडरवर झालेल्या ओळखीतून एका तरुणाला घरी बोलावून डांबून ठेवण्यात आले, त्याच्या वडिलांकडे दहा लाख रुपयांची खंडणी मागण्यात आली आणि शेवटी त्याचा खून करून प्रेत पेटीत भरून टाकून देण्यात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने तिघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. या प्रकरणातील एक गोष्ट मनाला चटका लावते. त्या तरुणानेही ॲपवर आपले नाव बदलले होते आणि आपण दिल्लीचे धनिक व्यापारी आहोत, असे भासविले होते. त्याची बढाई खरी मानूनच सावज हेरले गेले. कोणत्याही सांकेतिक अंकाने या दोन्हींपैकी एकही खोटेपणा उघड झाला नसता.

मग क्रमांक घेण्याचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, पण तो निराळा आहे. एका माणसाने हजार खोटी खाती उघडू नयेत म्हणून प्रत्येक खात्यामागे एक सिमकार्ड मागितले जाते. भारतात एका व्यक्तीच्या नावे बहुतेक राज्यांत नऊ जोडण्यांची मर्यादा आहे. म्हणजे ही पडताळणी गर्दीला आवर घालते, आणि पुढे गुन्हा घडल्यास पोलिसांच्या हाती धागा देते. दाराशी उभा असलेला हा पहारेकरी माणसे मोजतो. त्यांच्या चारित्र्याचा दाखला तो देत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. समजा, सांगली जिल्ह्यातून नोकरीनिमित्त जयपूरला आलेली एक मुलगी जवाहर नगरात खोली घेऊन राहते आहे. शहराच्या पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी सेक्टरांनी विभागलेली ही वस्ती. राजा पार्कचा बाजार जवळच. परक्या गावात तिला ओळखीचे कोणी नाही. काकू, आत्या, शेजारच्या जोशीवहिनी यांनी स्थळ सुचवायचे, तर त्या सगळ्या हजार किलोमीटरांवर. ॲपवर तिचा एका गृहस्थाशी परिचय होतो, चार दिवस बोलणे होते, आणि तो सहज म्हणतो, 'येथे बोलणे अडचणीचे पडते, आपला नंबर द्या.' ती देते. तिच्या मते तिने दहा आकडे दिले. प्रत्यक्षात तिने काय दिले, ते पाहू.

पैसे पाठविण्याच्या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की बँकेच्या नोंदीतील तिचे पूर्ण नाव समोर येते. क्रमांकावरून नाव सांगणारी निराळी ॲपे आहेत. तिच्या मैत्रिणींनी आपापल्या यादीत तिला ज्या नावाने नोंदविले असेल, तेही तेथे सापडू शकते. संदेशाच्या ॲपवर तिचे छायाचित्र दिसते. इतकेच नव्हे, तर क्रमांकाच्या पहिल्या आकड्यांवरून तो मूळचा महाराष्ट्र आणि गोवा मंडळातला आहे, हेही शोधता येते. जुलै २०१५ पासून कोणत्याही मंडळातला क्रमांक देशभर बरोबर नेता येतो, त्यामुळे माणूस गाव बदलतो, तरी क्रमांक त्याचे जन्मगाव सांगत राहतो. नाव मिळाले, आडनावावरून समाज कळला, छायाचित्र मिळाले; मग नोकरीचे ठिकाण आणि तेथून घर शोधण्यास कितीसा वेळ! ॲपवर नुसते पहिले नाव सांगून तिने जे झाकले होते, ते सारे तिच्याच हाताने दिलेल्या आकड्यांनी उघडले. ॲपवर नको असलेल्या माणसाला एका क्षणात दूर करता येते. क्रमांक मात्र एकदा दिला की परत घेता येत नाही, आणि बदलावा तर बँक, कचेरी, आईवडील, गॅसचे पुस्तक, सर्वत्र कळवावे लागते.

हे झाले माणसांविषयी. ॲप चालविणाऱ्या कंपन्यांकडेही तोच क्रमांक असतो. 'आम्ही आपला क्रमांक मूळ रूपात ठेवत नाही, त्याचे गणिती रूपांतर करून ठेवतो', असे आश्वासन कित्येकदा मिळते. या रूपांतराला हॅश म्हणतात, आणि त्यावरून मूळ क्रमांक उलट काढता येत नाही, हे तत्त्वतः खरे आहे. पण थोडा हिशेब करून पाहावा. भारतातील मोबाइल क्रमांक दहा आकडी असून त्यांचा पहिला आकडा सहा, सात, आठ किंवा नऊ असतो. म्हणजे संभाव्य क्रमांक सारे मिळून चारशे कोटी. मनुष्याला ही संख्या अफाट वाटते. संगणकाला ती किरकोळ आहे. साधे, मीठ न घातलेले रूपांतर असेल, तर चारशे कोटी क्रमांकांची रूपे काढून त्यांतून जुळणारे हुडकणे हे थोड्याच वेळाचे काम ठरते. ('मीठ' हा शब्द मी गमतीने वापरत नाही, प्रत्येक नोंदीत जो यादृच्छिक अंश मिसळतात, त्याला त्या शास्त्रात हेच नाव आहे.)

काही ॲपांनी आणखी एक सोय दिली आहे. आपल्या ओळखीच्या माणसांना आपण दिसू नये, असे वाटत असेल, तर त्यांचे क्रमांक कळवावेत. मामांच्या नजरेतून सुटावे, यासाठी ही सोय फार मोलाची आहे. परंतु तिच्यासाठी कोणी आपली सगळी यादीच ॲपच्या स्वाधीन केली, तर त्या बिचाऱ्या मामांचा क्रमांक त्यांच्या नकळत त्या कंपनीकडे जातो. मामांना कोणी विचारले?

कुलूप भक्कम असले, तरी किल्ली बनविणारा चुकू शकतो, याचेही उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय संशोधक आनंद प्रकाश यांनी दाखवून दिले की, टिंडर ज्या फेसबुकच्या पडताळणी-यंत्रणेवर विसंबून होते, तिच्यातील दोषामुळे केवळ दुसऱ्याचा क्रमांक ठाऊक असला की त्याच्या खात्यात शिरता येत होते. दोष दोन्हीकडे होता : यंत्रणा परवाना भलत्याच्या हाती देत होती, आणि तो परवाना आपल्यासाठीच काढलेला आहे की नाही, हे टिंडर पाहत नव्हते. दोन्ही कंपन्यांनी दोष दुरुस्त करून त्यांना पारितोषिक दिले.

याहून साधा धोका म्हणजे सोडून दिलेला क्रमांक. बंद झालेला क्रमांक किमान नव्वद दिवस कोणाला दिला जात नाही, ही गोष्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. त्यानंतर तो नव्या ग्राहकास मिळू शकतो. जुन्या मालकाने खाते बंद केले नसेल, तर नव्या मालकाच्या हाती येणारा सांकेतिक अंक जुन्याच्या खाजगी पत्रव्यवहाराचे दार उघडू शकतो.

आणि घेतला एका कारणासाठी, वापरला दुसऱ्यासाठी, हा प्रकार तर मोठमोठ्यांकडून घडला आहे. सुरक्षिततेसाठी म्हणून घेतलेले क्रमांक जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल ट्विटरला अमेरिकेत मे २०२२ मध्ये पंधरा कोटी डॉलर भरावे लागले.

यावर कोणी म्हणेल, क्रमांक अपुरा पडतो, तर चेहरा आणि ओळखपत्रच मागावे. अमेरिकेत केवळ स्त्रियांसाठी काढलेल्या 'टी' नावाच्या ॲपने हेच केले होते. पुरुषांविषयी सावधगिरीच्या सूचना परस्परांना देता याव्यात, हा त्याचा हेतू होता. जुलै २०२५ मध्ये त्या ॲपची सुमारे बहात्तर हजार चित्रे बाहेर फुटली. त्यांतील सुमारे तेरा हजार पडताळणीसाठी घेतलेली छायाचित्रे आणि ओळखपत्रे होती. ज्या कागदांनी स्त्रियांचे रक्षण व्हायचे, तेच चव्हाट्यावर आले. माझ्या मते यातून पडताळणी नको, असे निष्पन्न होत नाही. पडताळून झाल्यावर कागद जपून ठेवण्याची हौस नको, असे होते.

आपल्याकडील कायदा या बाबतीत हळूहळू आकार घेत आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची, असा क्रम ठरला. त्या कायद्यातच दिलेला एक दाखला लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने एका बाईकडे उपचारासाठी संमती मागितली आणि त्याबरोबर तिच्या फोनमधील क्रमांकांची यादीही मागितली. तिने दोन्हींना होकार दिला, तरी यादीची गरज उपचाराला नसल्यामुळे तो होकार उपचारापुरताच धरावा. मामांची बाजू कायद्याने अशी थोडीशी घेतली आहे. उलट दिशेने, ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार सुरक्षेच्या नियमांत दुरुस्ती होऊन, ग्राहकाने दिलेला क्रमांक खरोखर त्याचाच आहे काय, हे ताडून पाहण्याच्या यंत्रणेची तरतूद झाली. या यंत्रणेने 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर देऊन थांबावे. नाव सांगण्याच्या फंदात तिने पडू नये. बॉक्स नंबर सांभाळणारा कारकून एवढेच करीत असे.

जवाहर नगरातील त्या मुलीला मात्र नियमांची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. तिने ॲपसाठी निराळे सिमकार्ड घ्यावे आणि ते बँकेला जोडू नये. बोलणे शक्य तितके ॲपमध्येच ठेवावे. 'नंबर द्या' या घाईला 'आधी भेटू' असे उत्तर द्यावे, आणि ती भेट राजा पार्कमधील एखाद्या गजबजलेल्या उपाहारगृहात, मैत्रिणीला सांगून, दिवसा व्हावी. आपल्या नावावर कोणती सिमकार्डे निघाली आहेत, हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. क्रमांक बदलण्यापूर्वी जुनी खाती स्वतः पुसून टाकावीत. आलेला सांकेतिक अंक कोणी कितीही गोड शब्दांत मागितला, तरी सांगू नये. आणि नकार दिल्यावरही कोणी पुन्हा पुन्हा संपर्क साधून छळू लागला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पैशाची फसवणूक झाली असेल, तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा. जितका उशीर होईल, तितके पैसे अडवून ठेवणे कठीण होते.