नंदुरबार ते फ्रँकफुर्ट, व्हाया उधना

सकाळी ७. थंडीत शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा तिकडून सुटला की चहाच्या आधी शिंक येते. ऑफिस पुण्यात, मी इथे घरून काम करतो. गल्लीत कुणी विचारलं, "काय करी ऱ्हायना भाऊ?" तर "विमानाचं काम" एवढंच सांगतो. पुढचं सांगायला पाच मिनिटं लागतात.

कारण आम्ही विमानाचे मार्ग शोधणारं साधन बनवतो, आणि त्याचं गिऱ्हाईक माणूस नाही. प्रवासी आपल्या एआय एजंटला एक वाक्य सांगतो, एजंट आमच्याकडे विचारणा करतो आणि आम्ही मार्ग, भाडं, वेळा त्याच्या हवाली करतो. निवडून समजावण्याचं काम त्याचं.

८.३०. रात्रभर चाललेल्या चाचण्या पाहतो. माझी आवडती चाचणी म्हणजे 'नंदुरबारहून फ्रँकफुर्ट'. नंदुरबारला विमानतळ नाही, म्हणून जवळचा शोधावा लागतो. सरळ रेषेत नाशिकचं ओझर, जळगाव आणि सुरत ही तिन्ही ठिकाणं साधारण १५० किलोमीटरवर येतात, त्यात ओझर थोडं अलीकडे. एजंटने ओझर उचललं. नकाशाच्या हिशेबात बरोबर आहे, पण इथून ओझरला थेट रेल्वे नाही. तापी मार्गावरची गाडी मात्र एका दिशेला जळगावला आणि दुसऱ्या दिशेला उधन्यावरून सुरतेला नेऊन सोडते. नंदुरबारच्या माणसाचं विमान रुळावरून सुरू होतं, आणि नेमका हाच टप्पा विमानकंपन्यांच्या माहितीत कुठे नसतो.

११. आजचं मुख्य काम कोडचं नाही, लिहिण्याचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. एजंटला बाहेरची साधनं जोडण्याची ही एक सामाईक पद्धत. त्यात प्रत्येक साधनासोबत त्याचं वर्णन देता येतं. मॉडेल आमचा कोड पाहत नाही, ते वर्णन वाचून साधन कधी आणि कसं वापरायचं ते ठरवतं. 'स्वस्त मार्ग शोधते' असं लिहिलं, तर ते बिचारं स्वस्ताच्याच मागे लागतं. मग मुंबईपर्यंत एक तिकीट, पुढे वेगळं तिकीट, अशी जोडाजोड वर येते. वेगळ्या तिकिटांवर साधारणपणे मधे सामान उतरवून घ्यायचं, पुन्हा द्यायचं. पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी थांबायला बांधील नाही. म्हणून 'एकच तिकीट की वेगळी' हा रकाना सक्तीचा केला. भाड्याबरोबर ते कधी पाहिलं ती वेळही दिली, कारण काही मिनिटांपूर्वीचं भाडं बुकिंगच्या क्षणी राहीलच असं नाही.

१.३०. जेवण. वीज जाते, येते.

३. सगळ्यात छळणारा भाग तारखांचा. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १२ तारखेला पहाटे २ चं विमान म्हणजे ११ तारखेच्या रात्रीच विमानतळावर पोहोचायला हवं, आणि नंदुरबारकराने घर सोडायचं ते ११ च्या सकाळी, गाडीच्या भरवशाप्रमाणे कदाचित १० लाच. शिवाय जर्मनीचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. प्रवासाची लांबी स्थानिक वेळांच्या वजाबाकीने काढली की आकडा हमखास चुकतो. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणाव्या लागतात.

५. शेजारच्या काकू येतात. मुलगा फ्रँकफुर्टजवळ नोकरीला, सून बाळंत होणार. मी साधन चालवून दाखवतो. सर्वांत वर येतं मुंबईहून थेट विमान, एका टप्प्याचं.

"मुंबईला उतरून रात्री मी कुठं बसू रे?"

"काकू, दिल्लीवरूनही आहे. सुरतहून दिल्ली, पुढे फ्रँकफुर्ट. एकच तिकीट. महाग पडतं थोडं."

"सुरत चालेल. उधन्याला माझी बहीण राहते, भाचा स्टेशनवर येईल. आदल्या दिवशीच जाऊन राहीन."

काकूंनी दोन वाक्यांत जे सांगितलं त्यासाठी आमच्याकडे एकही रकाना नव्हता. खान्देशातल्या किती घरांची माणसं सुरतच्या उधना-लिंबायत भागात कामाला गेली आणि तिथलीच झाली. इथल्या प्रवाशाला सुरत हे परकं शहर वाटतच नाही. भाड्याच्या तक्त्याला मुक्कामाचं घर कसं कळणार?

७. टीमचा कॉल. मी मागणी मांडतो: विमानतळापर्यंतचा टप्पा प्रवाशाला स्वतः भरता यावा. कशाने जाणार, किती तास लागणार, वाटेत कुणाकडे थांबणार. पुण्यातला सहकारी म्हणतो, "एवढं कोण भरणार?" रास्त प्रश्न आहे. एजंटनेच बोलता बोलता विचारून घ्यावं आणि प्रवासी 'माहीत नाही' म्हणाला तर पुढे जावं, असं ठरतं.

९.३०. नवा रकाना टाकून चाचणी पुन्हा चालवतो. ओझर खाली गेलं, सुरत वर आली. गाडी पोहोचण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांत किमान किती अंतर ठेवायचं, ते मात्र मलाच ठरवायचं आहे. मी चार तास लिहिले. मग भिंतीपलीकडे काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, "आपली गाडी रे बाबा, सहा धर." सहा टाकले.