भेडाघाटचा संगमरवर आणि मिररलेस कॅमेरा
आरसा गेल्याने हौशी छायाचित्रकारांच्या छंदात काय बदलले?

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर नर्मदा नदी संगमरवराच्या उंच कड्यांमधून वाट काढते. भेडाघाट या नावाने ओळखला जाणारा हा परिसर लमेटाघाटासह २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला. हौशी छायाचित्रकारांचे हे आवडते ठिकाण आहे. येथे टिपलेली छायाचित्रे मित्रमंडळींत दाखवली जातात, तेव्हा पहिला प्रश्न हमखास असतो, "शटर किती ठेवले होते? आयएसओ किती?"

उत्तरादाखल काही आकडे मिळतात. ते घेऊन दुसरा छायाचित्रकार त्याच जागी जातो आणि बहुधा निराश होऊन परततो. एक साधे उदाहरण घेता येईल. भर उन्हात उजळलेल्या संगमरवरासाठी आयएसओ १००, छिद्र एफ ८ आणि शटर एका सेकंदाचा ४०० वा भाग हे प्रमाण योग्य ठरते. सकाळी तोच कडा सावलीत असताना प्रकाश सुमारे आठपटींनी कमी असू शकतो. अशा वेळी शटर ५० व्या भागापर्यंत आणावे लागते. उन्हातले आकडे सावलीत वापरले, तर हाती काळवंडलेले चित्र येते. आकडे खरे असतात, पण त्यांच्यामागचे कारण सांगायचे राहून गेलेले असते. मिररलेस कॅमेऱ्यामुळे हे कारण समजून घेणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

आरसा गेला म्हणजे काय झाले?

जुन्या एसएलआर आणि त्यानंतरच्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे एक तिरपा आरसा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश हा आरसा वरच्या बाजूला वळवतो आणि तो डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो. ३५ मिलिमीटर फिल्मसाठीचे असे कॅमेरे १९३६ पासून बाजारात आले आणि पुढे अनेक दशके त्यांचेच वर्चस्व राहिले.

मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसा नसतो. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला दिसणारे दृश्य मागच्या पडद्यावर किंवा डोळ्याजवळच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवले जाते. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या जपानी कंपन्यांनी ऑगस्ट २००८ मध्ये 'मायक्रो फोर थर्ड्स' ही प्रणाली जाहीर केली. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी १ हा त्या प्रणालीतील पहिला कॅमेरा आला. सोनीने २०१३ साली फुल फ्रेम सेन्सरचे ए ७ मालिकेतील कॅमेरे आणले, तर कॅनन आणि निकॉन यांचे फुल फ्रेम मिररलेस कॅमेरे २०१८ मध्ये आले.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा फरक एकच आहे. आरशातून डोळ्याला प्रत्यक्ष दृश्य दिसत असे, तर मिररलेस कॅमेऱ्यात चित्र कसे येईल याचा अंदाज आधीच दिसतो. शटर कमी-जास्त केले की पडद्यावरचे दृश्य उजळते किंवा मंदावते. पूर्वी छायाचित्र टिपल्यानंतर समजणारी चूक आता टिपण्यापूर्वीच लक्षात येऊ शकते.

पांढरा दगड राखाडी का दिसतो?

भेडाघाटला प्रथमच गेलेल्या हौशी छायाचित्रकाराची सर्वसाधारण तक्रार अशी असते, की डोळ्यांना शुभ्र दिसणारा संगमरवर छायाचित्रात राखाडी उतरतो. यात कॅमेऱ्याचा बिघाड नसतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी छटेचे आहे असे गृहीत धरून कॅमेऱ्यातील प्रकाशमापक काम करतो. सारी चौकट पांढऱ्या खडकाने भरली की प्रकाश फार झाला असे समजून तो चित्र मंद करतो.

अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती अधिक १ किंवा अधिक १.५ कडे फिरवावी लागते. बदल पडद्यावर लगेच दिसतो. मात्र पडद्यावर पूर्ण विश्वास टाकणे धोक्याचे आहे. रणरणत्या उन्हात पडदा अंधुक वाटतो आणि छायाचित्रकार चित्र गरजेपेक्षा अधिक उजळ करून बसतो. रात्री नर्मदेच्या घाटावर याच्या उलट घडते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पडदा झगझगीत वाटतो आणि घरी आल्यावर चित्रे काळी निघतात. म्हणून अनुभवी मंडळी हिस्टोग्राम पाहण्याचा आग्रह धरतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा चित्रात किती प्रमाणात आहेत, हे तो आलेख दाखवतो. आलेख उजव्या कडेला आदळून तुटला असेल, तर संगमरवरावरील रेषा आणि पोत कायमचे नष्ट झाले असे समजावे.

रंगाचीही अशीच गोष्ट आहे. सावलीतील खडकावर निळ्या आकाशाचा प्रकाश पडत असल्याने तो निळसर दिसतो. उन्हातील खडक पिवळसर भासतो. 'ऑटो' व्हाइट बॅलन्स हे भेद पुसून टाकण्याचा प्रयत्न करतो. त्याऐवजी 'डेलाइट' हा पर्याय ठेवल्यास सकाळ आणि दुपार यांतील फरक टिकून राहतो. चित्र रॉ स्वरूपात साठवल्यास हा निर्णय नंतरही बदलता येतो.

धुवांधारचे पाणी आणि नावेतील चांदणे

संगमरवरी कड्यांच्या अलीकडे धुवांधार धबधबा आहे. पाण्याच्या तुषारांनी धुरासारखे वातावरण निर्माण होते, म्हणून हे नाव पडले. तेथे शटरची गती काय असावी, याचे एकच उत्तर नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब गोठलेला दाखवायचा असेल, तर एका सेकंदाचा १,००० वा भाग हवा. पाणी रेशमी वस्त्रासारखे दिसावे अशी इच्छा असेल, तर पाव ते एक सेकंद लागतो. दिवसा इतका वेळ शटर उघडे ठेवल्यास चित्र पांढरे फटक होईल. त्यासाठी लेन्ससमोर एनडी फिल्टर लावतात. सहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, त्यामुळे ६० व्या भागाचे शटर साधारण एका सेकंदापर्यंत लांबवता येते. त्यासोबत भक्कम तिपाई आवश्यक असते.

येथे मिररलेस कॅमेऱ्याची एक उणीवही ध्यानात ठेवावी लागते. आरसा नसल्याने लेन्स काढताच बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर उघडा पडतो. तुषार उडत असताना लेन्स बदलू नये. बदलणे भागच असेल, तर आडोशाला जाऊन, कॅमेरा बंद करून, त्याचे तोंड खाली धरून बदलावी.

पौर्णिमेच्या रात्री नावेतून कडे पाहणे हा भेडाघाटचा लौकिक आहे. ते दृश्य नावेतून टिपण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु गणित प्रतिकूल आहे. पूर्ण चंद्राच्या प्रकाशात आयएसओ १६०० आणि एफ २.८ ठेवूनही शटर साधारण २ ते ४ सेकंद उघडे ठेवावे लागते. हलत्या नावेत निदान ६० वा भाग तरी हवा आणि त्यासाठी आयएसओ जवळजवळ दोन लाखांवर न्यावा लागेल. इतक्या आयएसओला चित्रात दाणेच दाणे दिसतात. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा हाताचा कंप शोषून घेते, नावेची चाल नव्हे. म्हणून चांदण्यातील छायाचित्र काठावरून तिपाईवर घ्यावे आणि नावेत बसल्यावर कॅमेरा पिशवीत ठेवून दृश्य पाहावे, हाच व्यवहार्य सल्ला ठरतो.

आवाज नसलेले शटर

जबलपूरच्या ग्वारीघाटावर संध्याकाळी नर्मदेची आरती होते. अशा प्रसंगी आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर उपयोगी पडते. आरशाचा खटका नाही आणि पडद्याचाही नाही, त्यामुळे भाविकांचे लक्ष विचलित होत नाही. पक्ष्यांची छायाचित्रे घेतानाही हा गुण मोलाचा ठरतो.

मात्र बहुतेक सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरच्या वेळी संपूर्ण चित्र एकाच क्षणी न वाचता ओळीमागून ओळ वाचतात. त्यामुळे वेगाने हलणारी वस्तू तिरकी उमटते. घाटावरील विजेच्या दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे दिसतात, त्याचेही कारण हेच आहे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, सेन्सरला जाणवते. यांत्रिक शटर वापरून त्याची गती ५० व्या किंवा १०० व्या भागावर ठेवल्यास हे पट्टे सहसा नाहीसे होतात.

कपाटातील जुनी लेन्स

आरसा काढल्याने आणखी एक अनपेक्षित लाभ झाला. आरशाला हलण्यासाठी जागा लागत असल्याने जुन्या कॅमेऱ्यांत लेन्स सेन्सरपासून दूर बसवावी लागे. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, तर मिररलेस झेड माउंटमध्ये ते केवळ १६ मिलिमीटर आहे. उरलेल्या जागेत अडॅप्टर बसतो आणि वडिलांच्या फिल्मच्या कॅमेऱ्याची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालू लागते.

अशा लेन्सचा फोकस हाताने जुळवावा लागतो. स्पष्ट दिसणाऱ्या कडांना रंग देणारी 'फोकस पीकिंग' सुविधा त्यासाठी मदत करते. काही कॅमेऱ्यांत लेन्स नसतानाही शटर चालू द्यावे, असा पर्याय आधी निवडावा लागतो. दृश्याची रुंदीही बदलते. ५० मिलिमीटरची लेन्स बहुतेक एपीएस-सी सेन्सरवर ७५ मिलिमीटरसारखी आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १०० मिलिमीटरसारखी वागते. भेडाघाटचा विस्तार टिपण्यासाठी ती अपुरी पडेल, पण तेथील चौसष्ट योगिनी मंदिरातील शिल्पांसाठी उत्तम ठरू शकते. कलचुरी काळातील, दहाव्या शतकाच्या सुमारास उभारलेल्या या वर्तुळाकार मंदिरातील मूर्तींवर कलता प्रकाश पडला, की जुन्या लेन्सनेही दगडाचे बारकावे सुरेख उतरतात.

नवा कॅमेरा घ्यावाच का?

मध्यमवर्गीय कुटुंबातील हौशी छायाचित्रकारासाठी हा प्रश्न खर्चाचा आहे. व्ह्यूफाइंडरमधील पडदा आणि सेन्सर सतत चालू राहत असल्याने मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी लवकर संपते. प्रमाणित चाचणीनुसार निकॉनचा डी ७५० हा डिजिटल एसएलआर एका बॅटरीवर १,२३० छायाचित्रे घेतो, तर २०१८ चा झेड ६ ३१० छायाचित्रे घेतो. प्रत्यक्ष वापरात दोन्ही संख्या वाढतात, तरीही जास्तीची बॅटरी जवळ ठेवावी लागतेच. अडॅप्टर आणि नव्या लेन्स यांचा खर्च वेगळा.

दुसरीकडे, अनेकांनी आपले डिजिटल एसएलआर विकायला काढल्याने जुने पण चांगल्या स्थितीतील कॅमेरे कमी किमतीत मिळू शकतात. ज्याच्याकडे असा कॅमेरा आहे, त्याने केवळ इतरांकडे मिररलेस आहे म्हणून तो बदलण्याचे कारण नाही. डिजिटल एसएलआरच्या मागील पडद्यावरील 'लाइव्ह व्ह्यू'मध्येही आरसा वर उचलला जातो आणि सेन्सरला दिसणारे दृश्य पाहता येते. तिपाईवरून निसर्गदृश्ये टिपण्यास तेवढे पुरेसे आहे. चालत्या नावेतून, कमी प्रकाशात किंवा शांतता पाळून छायाचित्रे घेणाऱ्याला मात्र नव्या कॅमेऱ्याचा फरक लगेच जाणवेल.

देवघेवीची जुनी परंपरा

छायाचित्रे एकमेकांना दाखवून त्यांची कृती सांगण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी होते. त्या काळी रसायनांचे प्रमाण चुकले की काचपट्टी वाया जात असे. त्यामुळे कृती कारणासह सांगणे ही गरजच होती.

आज चित्र वाया गेले तरी खर्च होत नाही. त्यामुळे फसलेली चित्रे पुसली जातात, चांगले तेवढे दाखवले जाते आणि शिकण्याजोगा भाग हरवतो. शटर व छिद्राच्या आकड्यांबरोबर वेळ, प्रकाशाची दिशा, उभे राहण्याची जागा आणि तो आकडा निवडण्याचे कारण सांगितले, तर नवख्याला त्याचा खरा उपयोग होतो. जमल्यास त्याच जागेचे एखादे फसलेले चित्रही शेजारी ठेवावे.

काही गोष्टी सांगताना जबाबदारीही पाळावी लागते. पक्ष्याच्या घरट्याचे चित्र दाखवताना त्याचे नेमके ठिकाण जाहीर केल्यास तेथे गर्दी होऊन पिलांना धोका पोहोचतो. चित्रासोबत नोंदले जाणारे स्थान आधी काढून टाकणे योग्य ठरते. धुवांधारच्या काठावरून घेतलेले धाडसी चित्र दाखवताना आपण कठड्याच्या आत होतो की बाहेर, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तेथील खडक तुषारांनी ओले व निसरडे असतात आणि पावसाळ्यात वरच्या बाजूच्या बर्गी धरणातून पाणी सोडल्यावर नदीची पातळी वाढते. त्या चित्राची नक्कल करू पाहणारा नवखा छायाचित्रकार आकडे विसरेल, पण उभे राहण्याची जागा मात्र अचूक शोधून काढेल.