कोरडा पोशाख गळू लागतो तेव्हा

पावसाळ्यात तुम्ही रेनकोट घालून शाळेत जाता. बाहेर धो धो पाऊस कोसळत असतो, तरी आतले कपडे कोरडे राहतात. पण एखाद्या दिवशी खांद्यापाशी गार गार लागू लागते. घरी येऊन पाहावे, तो शिवणीजवळ एक बारीकसे भोक! "उद्या ठिगळ लावू," असे आई म्हणते आणि तो विषय तेथेच संपतो.

आता अशी कल्पना करा, की हा रेनकोट घालून तुम्ही पावसात नव्हे, तर १५ मीटर खोल पाण्यात उतरला आहात आणि ते पाणी जवळजवळ बर्फाइतके गार आहे. मग ते भोक तुम्हाला उद्यापर्यंत थांबू देईल का?

ही नुसती कल्पना नाही. आइसलँडमध्ये सिल्फ्रा नावाची पाण्याने भरलेली एक भेग आहे. उत्तर अमेरिकेचे आणि युरेशियाचे भूपट्ट तेथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत. हिमनदीचे वितळलेले पाणी लाव्हाच्या सच्छिद्र खडकांतून वर्षानुवर्षे गाळले जाऊन या भेगेत येते. ते इतके स्वच्छ असते, की शंभर मीटरपर्यंतचे दिसते. हे दृश्य पाहण्यासाठी जगभरातून पाणबुडे येतात. मात्र या पाण्याचे तापमान वर्षभर २ ते ४ अंश सेल्सियस एवढेच असते! आपल्या मालवणच्या उबदार समुद्रात साध्या पोशाखावर बुडी मारता येते. सिल्फ्रात ते चालत नाही. तेथे 'ड्रायसूट', म्हणजे कोरडा पोशाख घालावा लागतो.

ऊब कोण देते?

या पोशाखाचे कापड तसे पातळच असते. बहुधा त्यात तीन थर असतात. दोन बाजूंना नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कापड आणि मध्ये रबराचा पातळ थर. ही युक्ती जुनीच आहे. दोन कापडांमध्ये रबर घालून जलाभेद्य कापड करण्याचे एकस्व चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये घेतले होते.

पण हे कापड ऊब देत नाही. ते फक्त पाणी बाहेर ठेवते. ऊब देतात ते आतले जाड, मऊ कपडे आणि त्यांच्या तंतूंत अडकलेली हवा. हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असते. म्हणूनच आतल्या कपड्यांतील हवा जाऊन तेथे पाणी आले, की पांघरूण ओढून घेतल्यासारखे होते.

एक साधे गणित करू. पोशाखात ४ अंशाचे १ लिटर पाणी शिरले. त्वचेजवळ येऊन ते ३४ अंशापर्यंत तापले. म्हणजे त्याने शरीराकडून ३० किलोकॅलरी उष्णता घेतली. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर ताशी सुमारे ८६ किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. तेव्हा तुमच्या शरीराची सुमारे २० मिनिटांची कमाई त्या एका लिटरने गिळून टाकली! शिवाय ओल्या कपड्यांतून उष्णता बाहेर जातच राहते. प्रथम बोटे बधिर होतात. आणि बधिर बोटांनी झडपेचे बटण दाबणे किंवा पट्ट्याची अडकवण सोडवणे फार कठीण असते. गळतीचा खरा धोका हा आहे.

पाणी कोठून शिरते?

पहिली जागा म्हणजे मनगट आणि गळा. तेथे लॅटेक्सच्या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या पातळ पट्ट्या त्वचेला घट्ट बसलेल्या असतात. आता जरा डाव्या हाताची मूठ घट्ट वळा, मनगट किंचित आत वाकवा आणि त्याच्या आतल्या बाजूकडे पाहा. त्वचेखाली दोऱ्यांसारखे स्नायुबंध वर आलेले दिसतील आणि त्यांच्यामध्ये एक पन्हळ. पाणबुड्याने एखादी वस्तू घट्ट पकडली, की हीच पन्हळ पाण्याची वाट बनते. त्यासाठी पट्टी हाताच्या थोडी वरच्या बाजूस, सपाट जागी सरकवून बसवतात. गळ्याच्या पट्टीखाली केसांची एखादी बट अडकली, तरी तिच्या कडेने पाणी आत झिरपते.

लॅटेक्सला म्हातारपणही लवकर येते. तुमच्या खणात पडून राहिलेले जुने रबरबँड आठवा. काही चिकट झालेले असतात, तर काही ओढताच तुटतात. रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. सूर्यप्रकाश आणि हवेतील ओझोन त्या साखळ्या तोडतात. तेल आणि त्वचेवरचा घाम रबराला खराब करतात. म्हणून बुडीनंतर या पट्ट्या गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात आणि वर टाल्कम पावडर लावून ठेवतात. विजेच्या मोटारीतून उडणाऱ्या ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो. तेव्हा पोशाख मोटारीजवळ टांगणेही बरे नव्हे.

दुसरी जागा म्हणजे चेन. ती जलाभेद्य असली, तरी दातांत वाळूचा कण अडकला किंवा चेन जोराने मुरगळली, की तिची पकड सुटते. तिला ब्रशने साफ करून वर मेण घासतात.

तिसरी जागा झडपेची. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे १० मीटरवर पोशाखातील हवा आकसून निम्मी होते आणि कापड अंगाला चिमटे घेऊ लागते. म्हणून छातीवरच्या झडपेतून आत हवा सोडावी लागते. वर येताना तीच हवा फुगते. ती दंडावरच्या दुसऱ्या झडपेतून बाहेर जाऊ द्यावी लागते, नाहीतर पाणबुड्या फुग्यासारखा वर उधळेल. ही बाहेर सोडणारी झडप एकाच दिशेने उघडते. पण तिच्या पडद्याखाली कपड्याचा एक तंतू किंवा मिठाचा कण अडकला, तर ती पुरती मिटत नाही. मग पाणी थेंबाथेंबाने आत येऊ लागते.

चौथी जागा म्हणजे झिजलेले कापड. गुडघे खडकावर टेकतात, मांड्यांमधली शिवण चालताना घासते. तेथे सुईच्या टोकाएवढी भोके पडतात.

भोक शोधायचे कसे?

सायकलचे पंक्चर काढणारा काय करतो? ट्यूबमध्ये हवा भरतो, ती पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहतो. पोशाखालाही हीच परीक्षा लागू पडते. पण एवढा मोठा पोशाख बुडवायचा कशात? म्हणून मनगटांत बाटल्या आणि गळ्यात चेंडू घट्ट बसवतात, चेन लावतात आणि छातीवरच्या झडपेतून हवा भरतात. पोशाख माणसासारखा फुगून बसतो. मग स्पंजने त्यावर साबणाचे पाणी फासतात. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. त्यामुळे भोकातून येणारी हवा सहज न दिसता निसटून जात नाही, तिचे फेसाळ बुडबुडे जागीच साचतात. तेथे खडूने खूण करायची.

पुढचे काम घाईचे नाही. साबण धुऊन पोशाख पूर्ण वाळवतात आणि उलटा करतात. भोकाभोवतालची जागा अल्कोहोलने पुसतात आणि पॉलियुरेथेनच्या लवचिक चिकटद्रवाचा लेप देतात. लेप आतून दिला, म्हणजे तो खडकावर घासून निघत नाही. तो घट्ट होण्यास बरेच तास द्यावे लागतात. मनगटाची पट्टी चिरली असेल, तर मात्र ठिगळ पुरत नाही. जुनी कापून नवी बसवावी लागते. आणि कितीही छान दुरुस्ती झाली, तरी पहिली बुडी उथळ पाण्यातच मारायची!

एक सावधगिरी. आत ओल दिसली म्हणजे गळतीच, असे नाही. अंगातील घामाची वाफ थंड कापडावर जमून पाणी होते. पण ही ओल सगळीकडे सारखी पसरलेली असते. गळतीची ओल एका जागेपासून सुरू होते आणि ओघळासारखी पुढे जाते.

तुम्हीही करून पाहा

प्लॅस्टिकची एक रिकामी, पारदर्शक बाटली घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने तिच्या तळाजवळ बारीक खिळ्याने एक भोक पाडा. बूच घट्ट लावा आणि बाटली बादलीत उभी दाबून धरा. भोक असूनही पाणी फारसे आत येत नाही. आता बुचाजवळ दुसरे भोक पाडा आणि पुन्हा दाबा. वरच्या भोकातून बुडबुडे निघतील आणि खालच्या भोकातून पाणी भराभर आत येईल!

कारण सोपे आहे. पाण्याचा दाब खाली जास्त आणि वर कमी असतो, पण बाटलीतल्या हवेचा दाब सगळीकडे सारखाच. म्हणून खाली पाणी हवेला हरवते आणि वर हवा पाण्याला. उभ्या पाणबुड्याच्या पोशाखातही हेच घडते. खांद्याजवळच्या भोकातून हवा बाहेर जाते, तर गुडघ्याजवळच्या भोकातून पाणी आत येते.

आता सांगा पाहू : याच पाणबुड्याने डोके खाली आणि पाय वर केले, तर गळ्याच्या सैल पट्टीतून काय होईल? उत्तर शोधायला बाटली उलटी करून पाहा.