घरीं घडविलेली शर्यतीची बिनतारी होडी

पावसाळ्यांत अंगणांतून वाहणाऱ्या पाण्यांत कागदाची होडी सोडली नाहीं, असें मूल महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. परंतु कागदी होडी एकदां हातांतून सुटली म्हणजे तिच्यावर आपली सत्ता उरत नाहीं; पाणी नेईल तिकडे ती जाते. उलट, कांठावर उभें राहून हातांतील लहानशा पेटीच्या योगानें जिचें सुकाणूं वळवितां येतें व जिचा वेग कमीजास्त करितां येतो, अशी हात-दीड हात लांबीची होडी तयार करून तिच्या शर्यती लावणें हा छंद आतां जगांत अनेक ठिकाणीं रूढ झाला आहे. बाजारांत अशा होड्या तयार मिळतात. पण त्या विकत आणून दिल्या म्हणजे मुलांची हौस चार दिवसांत फिटते, व होडी माळ्यावर जाऊन पडते. घरीं घडविलेल्या होडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यापासून मुलांस काय शिकावयास मिळतें, व वडील माणसांनीं कोणती खबरदारी घ्यावी, हें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

या छंदास पोरखेळ म्हणून नाक मुरडणारांनीं त्याचा इतिहास ध्यानांत घ्यावा. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें हौदांत एक लहान होडी सोडून ती तारेवांचून चालवून दाखविली, व त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबर रोजीं त्यास तिचें अमेरिकन पेटंट मिळालें. हल्लींच्या पेट्या सेकंदास सुमारें २४० कोटी कंपनांच्या लहरी वापरतात, आणि दुसऱ्याच्या पेटीशीं घोटाळा होऊं नये म्हणून त्या पट्ट्यांतील आपली जागा सारखी बदलीत राहतात. याच जातीची युक्ति हेडी लामार ही नटी व जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनीं टॉर्पेडोस वाट दाखविण्यासाठीं योजिली होती, व १९४२ सालीं तिचें पेटंट त्यांस मिळालें होतें. भारतांत या पट्ट्यांतील अल्प शक्तीच्या यंत्रांस २००५ पासून परवाना लागत नाहीं. मात्र या लहरी पाण्यांतून जात नाहींत. यासाठीं होडींतील तारेचें टोंक बारीक नळींतून वर काढून पाण्यापासून उंच ठेवावें लागतें.

आतां होडीच्या शरीराकडे वळूं. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथांत विशेष नौकांचे ‘दीर्घा’ व ‘उन्नता’ असे दोन वर्ग सांगितले आहेत; म्हणजे तेथें लांबी व उंची यांचा विचार आहे. शर्यतीच्या होडींत तिसराच विचार मुख्य, तो तळाचा. इंग्लंडांतील विल्यम फ्रूड या इंजिनीयरानें डार्ट नदींत तीन, सहा व बारा फूट लांबीच्या नमुन्याच्या होड्या ओढून पाणी त्यांस किती अडवितें याचीं मापें घेतलीं, आणि १८७२ च्या सुमारास टॉर्की येथें अशा प्रयोगांसाठीं स्वतंत्र हौद उभारला. मोठाल्या जहाजांचें शास्त्र अशा लहान होड्यांच्या आधारानें वाढलें आहे.

पाणी कापीत जाणारी होडी लाटा उठविते. वेग वाढला कीं लाटेची लांबीहि वाढते. ती होडीच्या लांबीएवढी झाली म्हणजे होडी आपल्याच लाटेच्या खळग्यांत अडकते, आणि पुढें जोर पुष्कळ वाढविला तरी वेग थोडाच वाढतो. ६० सेंटिमीटर लांबीच्या होडीची ही मर्यादा ताशीं सुमारें साडेतीन किलोमीटर येते. कांठानें रमतगमत चालणारा मनुष्य तिला सहज मागें टाकील! यांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे होडीनें पाणी कापण्याचें सोडून पाण्यावर चढावें व त्यावरून घसरत जावें. चपटा दगड तिरपा फेंकला असतां तो पाण्यावर टप्पे घेत जातो, तसाच हा प्रकार आहे. शर्यतीच्या होडीचा तळ याचसाठीं असतो.

नवशिक्यानें इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा तळ पसंत करावा. मध्यरेषेपासून दोन्ही बाजू सुमारें वीस अंशांनीं वर गेलेल्या असाव्या. सपाट तळाची होडी संथ पाण्यावर चपळ असते, पण थोड्या लाटा उठतांच आपटूं लागते. तळाचा मागील अर्धा भाग लांबीच्या दिशेनें अगदीं सरळ पाहिजे. फूटपट्टी उभी लावून उजेडाकडे धरिली असतां मधून फट दिसूं नये. पिछाडीची कड टोंकदार ठेवावी. ती गोल राहिली तर पाणी तिला चिकटून वर चढतें व होडीस मागें ओढतें. प्लायवूडचा सांगाडा करून त्यावर पातळ प्लायवूड बसवावें, आणि वर काचतंतूंचें कापड एपॉक्सीनें चढवावें. आंत मोकळ्या राहिलेल्या जागेंत फोमचे तुकडे भरले म्हणजे होडी उलटली तरी बुडत नाहीं.

मोटार व पंखा यांची निवड हा त्रैराशिकाचा उत्तम धडा आहे. मोटारीवर एका व्होल्टास किती फेरे याचा आंकडा दिलेला असतो. तो २००० असेल व बॅटरी ११·१ व्होल्टांची असेल, तर ओझें नसतांना मिनिटास २२,२०० फेरे होतात. पंखा ४० मिलिमीटर व्यासाचा असून एका फेऱ्यास ५६ मिलिमीटर पुढें सरकणारा असेल, तर मिनिटास सुमारें १,२४३ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें ७५ किलोमीटर, हें उत्तर येतें. प्रत्यक्षांत ओझ्यानें फेरे घटतात आणि पंखाहि पाण्यांत थोडा निसटतो, म्हणून वेग बराच कमी मिळतो. कागदावरचें उत्तर व तलावावरचें उत्तर यांत अंतर कां पडलें, हा प्रश्न मुलानें स्वतःस विचारला कीं त्याचें खरें शिक्षण सुरू झालें असें समजावें.

बहुतेक मुलें या ठिकाणीं मोठी मोटार मागतात. वडिलांनीं पैशाची पिशवी सोडण्यापूर्वीं तोल पाहण्यास सांगावें. होडी दोन बाजूंस एकेका बोटावर तोलून तिचा गुरुत्वमध्य काढावा. ‘व्ही’ तळाच्या होडींत तो पिछाडीपासून एकंदर लांबीच्या सुमारें तीस टक्क्यांवर, म्हणजे ६० सेंटिमीटरांच्या होडींत १८ सेंटिमीटरांवर, असावा. बॅटरी ही सर्वांत जड वस्तु. ती पुढें-मागें सरकवितां येईल अशीच बांधावी. शिवाय पंखा एका दिशेस फिरतो म्हणजे होडीचें शरीर उलट दिशेस कलूं पाहतें. त्यासाठीं बॅटरी वर उचललेल्या बाजूस किंचित् सरकवावी, अथवा पिछाडीस लाविलेल्या लहान पट्ट्यांपैकीं एक किंचित् वांकवावी.

यापुढील काम तलावाच्या कांठीं करावयाचें. होडी नाळ वर-खालीं करीत उड्या मारूं लागली तर बॅटरी पांच मिलिमीटर पुढें घ्यावी. नाळ पाण्यांत घुसूं लागली तर मागें घ्यावी. पंख्याचा दांडा ज्या आधारांतून जातो त्याचा कोनहि बदलतां येतो : जोर पिछाडीस उचलील असा कोन दिला तर नाळ दबते, उलट दिला तर नाळ उचलते. वेगानें धांवतांना पंखा अर्धा पाण्यांत व अर्धा वर असावा. फेरी संपतांच मोटारीस हात लावून पाहावा. बोट टेंकवेना इतकी ती तापली असेल तर पंखा मोठा झाला असें समजून लहान बसवावा. पंख्याचीं पातीं समतोल आहेत कीं नाहीं हें तो बारीक सळईवर अडकवून पाहावें. जें पातें नेहमीं खालीं येतें तें मागील बाजूनें किंचित् घासावें. कांहीं पंखे बेरिलियममिश्रित तांब्याचे असतात; त्यांची भुकटी फुप्फुसांस घातक असल्यामुळें ते कोरडे घासूं नयेत.

या सर्वांत एक नियम मोडूं नये : एका फेरींत एकच बदल करावा, व तो वहींत लिहावा. बॅटरी सरकविली, कोन बदलला आणि पंखाहि नवा बसविला, व होडी सुधारली, तर कशानें सुधारली हें कोणासच सांगतां येत नाहीं. बिघडली तरी तीच गत. अन्वय व व्यतिरेक यांची जोडी आमच्या नैयायिकांनीं कारण शोधण्यासाठींच सांगितली आहे. ती पाठ करून घेण्यापेक्षां तलावावर एकदां अनुभवलेली अधिक टिकते.

आतां धोक्यांविषयीं. लिथियम बॅटरीचा प्रत्येक घट ४·२ व्होल्टांपलीकडे भरूं नये व ३ व्होल्टांखालीं उतरवूं नये. ती भरतांना वडील मनुष्य जवळ असावें. अंथरुणावर किंवा पडद्यापाशीं ती भरूं नये. फुगलेली बॅटरी तत्काळ बाद करावी, कारण तिला आग लागूं शकते. बॅटरी जोडलेली असतां पंख्याजवळ बोट नेऊं नये. त्याचीं पातीं सुरीसारखीं कापतात. संबंध तुटतांच मोटार बंद पडावी अशी योजना पेटींत असते. ती चालते कीं नाहीं हें होडी पाण्यांत सोडण्यापूर्वीं तपासावें. स्नानास किंवा पोहण्यास माणसें उतरत असतील तेथें हा खेळ करूंच नये.

सर्वांत मोठा धोका होडी बंद पडल्यानंतरचा आहे. आपल्याकडील पुष्कळ तलावांत जलपर्णी माजते. ती पंख्यास गुंडाळली कीं होडी मध्येंच उभी राहते. महिनाभर खपून केलेली वस्तु पन्नास हातांवर तरंगत असली म्हणजे मूल कपडे न काढतांच पाण्यांत शिरूं पाहतें, आणि वरून उथळ दिसणारा तलाव गाळानें व वेलींनीं पाय धरितो. म्हणून मासे धरण्याच्या दोरीस चेंडू बांधून बरोबर न्यावा. तो होडीपलीकडे फेंकून दोरीनें ती हळूहळू ओढून आणावी. तेवढ्यानें न आली तर वारा तिला कांठास लावीपर्यंत वाट पाहावी. होडी गेली तर दुसरी करितां येते, ही गोष्ट मुलास पहिल्या दिवशींच, होडीची पहिली फळी कापण्यापूर्वीं, सांगून ठेवावी. व मोठें माणूस सोबत असल्यावांचून त्यास तलावावर पाठवूं नये.

एकत्र कुटुंबांत या कामास हात कमी पडत नाहींत. एकानें सुतारकाम करावें, दुसऱ्यानें गणित मांडावें, तिसऱ्यानें वही ठेवावी. मुलींस केवळ रंग देण्याच्या कामावर बसवूं नये. सुकाणूं व वही दोन्ही त्यांच्या हातीं द्यावीं. वडिलांनीं मात्र अवजारें मुलांच्या हातून काढून घेण्याचा मोह टाळावा. काप वांकडा गेला तर जाऊं द्यावा. तळ वांकडा आहे हें पाणीच त्यांस दाखवील, व तें ऐकून मूल रुसणार नाहीं. पुढील सुटींत आमच्या वाचकांपैकीं कांहीं घरांतून तरी अशी होडी पाण्यास लागो.