गरम गाडीचा सेल्फ

सकाळी सहाला एका चावीत गाडी सुरू होते. अकरापर्यंत काही तक्रार नसते. मग सुताच्या बॅगा उतरवून, चलनावर सही घेऊन, गेटवरच्या टपरीत चहा पिऊन ड्रायव्हर परत येतो, चावी फिरवतो आणि बॉनेटखालून एकच आवाज येतो: टक्. पुन्हा चावी, पुन्हा टक्. दिवे लख्ख लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, म्हणजे बॅटरी मेलेली नाही. मिस्त्रीला फोन करावा, तो अर्ध्या तासाने स्कूटरवर यावा आणि त्याने चावी फिरवताच गाडी गुपचूप सुरू व्हावी. दुखणं वैद्यासमोर गायब. मिस्त्री ड्रायव्हरकडे बघतो, ड्रायव्हर जमिनीकडे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत हा प्रकार जुन्या पिकअपवाल्यांच्या चांगला ओळखीचा आहे, आणि त्याला कारण इथल्या कामाची जात. चादर आणि टॉवेल एका छताखाली जन्माला येत नाहीत. सूत एकीकडून येतं, रंगणी दुसरीकडे होते, वार्पिंगचे बीम तिसरीकडून निघतात, यंत्रमाग चौथीकडे खडखडत असतात आणि शिलाई-पॅकिंग आणखी कुठे. या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे पिकअप. हैदराबादला निघालेला ट्रक दिवसातून चारदा सेल्फ मारत असेल; एमआयडीसीतली पिकअप पंचवीस-तीसदा मारते, तेही प्रत्येक वेळी इंजिन तापलेलं असताना. त्यात एप्रिल-मे महिन्यात पारा 42-43 च्या घरात. सेल्फला याहून वाईट नोकरी मिळणं कठीण.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. पुस्तकातलं नाव कुठलंही असो, गॅरेजमध्ये तो सेल्फच. इथल्या दुकानांत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा एका वाक्यात येऊन जातात, पण सेल्फ, कार्बन, बुश, बेंडिक्स हे शब्द तिन्हींत तेच.

या मोटरीचा स्वभाव तिच्या जन्मकथेतच आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी आधी कॅश रजिस्टरचा गल्ला विजेवर उघडण्यासाठी छोटी मोटर बनवली होती. तिला फक्त क्षणभर जोर लावायचा असे, म्हणून ती लहान असूनही चाले. हीच कल्पना त्यांनी मोटारगाडीत आणली आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये हँडल मारण्याची गरज संपली. इंजिन फिरवण्याइतकी ताकद सतत देणारी मोटर गाडीत मावली नसती. दहा सेकंद जिवावर उदार होऊन मग झोपणारी मावली. आजही सेल्फला ना पंखा असतो ना पाण्याचं जॅकेट. अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाला फिरवताना तो बॅटरीतून दोन-तीनशे अँपिअर ओढतो. तो थंड होतो तो केवळ विश्रांतीने, आणि एमआयडीसीतल्या पिकअपमध्ये नेमकी तीच मिळत नाही.

आता चहाचा हिशेब. गाडी चालू असते तेव्हा पंखा फिरतो, पाणी फिरतं, समोरून वारा लागतो. गाडी बंद केली की हे तिन्ही एकदम थांबतात, पण इंजिनाच्या लोखंडातली आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डमधली उष्णता तिथेच असते. ती आजूबाजूला पसरते. म्हणून बंद केल्यावर पहिली दहा-वीस मिनिटं बॉनेटखालचं तापमान उतरत नाही, उलट चढतं. लगेच चावी मारली तर गाडी सुरू होते, दोन तासांनी मारली तरी होते. फसते ती मधल्या वेळेत. म्हणजे चहा आणि बिस्किटाच्या वेळेत.

उष्णतेने नेमकं काय बिघडतं? तांबं तापलं की त्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो. सकाळी 30 अंशांवर असलेली कॉइल दुपारी 100 अंशांवर गेली, तर रोध सव्वापटीहून थोडा जास्त झाला. सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड नावाची छोटी नळी असते. तिच्यातल्या कॉइलचं चुंबक दांडा आत ओढतं. त्याने एका टोकाला पिनियन पुढे सरकून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये बसतं आणि दुसऱ्या टोकाला तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबली जाऊन मोटरीला मुख्य करंट मिळतो. रोध वाढला की कॉइलचा प्रवाह पाचव्या हिश्शाने घटतो, आणि चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने ती तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी होते. दांडा निघतो, अर्ध्यात थबकतो, किंवा पोहोचतो पण चकती घट्ट दाबत नाही. तो टक् म्हणजे पोहोचता न आलेल्या दांड्याची हाक.

नव्या गाडीत एवढी घट सोसायला जागा ठेवलेली असते. जुन्या गाडीत ती जागा वायरिंगने आधीच खाल्लेली असते. चावीचा करंट बॅटरीतून केबिनमध्ये जातो, इग्निशन स्विचच्या झिजलेल्या ठिपक्यांतून, दोन-तीन कनेक्टरांतून, वीस वर्षांच्या हिरव्या पडलेल्या तारेतून फिरून सोलेनॉइडला येतो. निघताना बारा व्होल्ट, पोहोचताना नऊ. सकाळी नऊ पुरतात, दुपारी पुरत नाहीत.

म्हणूनच मला इथल्या एका सवयीचा राग येतो: टक् वाजलं की सेल्फ बदला. बदललेला सेल्फ आठवडाभर चालतो, कारण नवी कॉइल थोडी तगडी असते, आणि मग पुन्हा टक्. दोष तारेत, दंड सेल्फला. जाणता वायरमन आधी मल्टिमीटर काढतो, आणि त्याच्याही आधी गाडी तापवून आणायला सांगतो. थंड गाडीवरचं माप या रोगात कामाचं नाही.

आमच्या घरच्या जुन्या पिकअपचं निदान असंच झालं. गाडी कुंभारी गावापर्यंत पळवून आणली, मिस्त्रीच्या दुकानासमोर बंद केली.

‘‘आता बसा अण्णा पंधरा मिनिटं. हात लावू नका.’’

‘‘आणि सुरू झाली तर?’’

‘‘झाली तर परत पळवून आणायची. आज तिला पकडल्याशिवाय सोडत नाही.’’

पंधरा मिनिटांनी टक् झालं आणि मिस्त्रीचा चेहरा खुलला. पोराला चावी धरायला लावून त्याने मीटरच्या सुया ठेवल्या. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत किती व्होल्ट हरवतात? अर्ध्यापर्यंत ठीक. इंजिनाच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत? दोन दशांशांपेक्षा जास्त नको. तिथे जास्त निघालं तर इंजिन आणि चासीमधली अर्थ पट्टी गंजलेली समजायची. शेवटी सोलेनॉइडच्या बारीक तारेवर. आमचा चोर तिथे सापडला.

त्यावरचा इलाज शे-दोनशे रुपयांच्या रिलेचा. चावीच्या अशक्त तारेने आता फक्त रिले उचलायचा. रिलेने सेल्फच्याच बॅटरी-बोल्टावरून घेतलेल्या जाड, हातभर तारेतून सोलेनॉइडला करंट द्यायचा. केबिनची यात्रा रद्द. अमेरिकेतल्या जुन्या शेव्हरोलेट पिकअपमध्ये सेल्फ एक्झॉस्टच्या शेजारी बसत असल्याने तिथेही हेच दुखणं प्रसिद्ध आहे, आणि तिथले लोक फोर्डचा सोलेनॉइड बॉनेटखाली दूर, थंड जागी लावून तेच साधतात.

पण रिले म्हणजे रामबाण नव्हे. टक् न होता सेल्फ घर्रऽ घर्रऽ करत जडपणे फिरत असेल, तर तो उघडावाच लागतो. आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरता गाभा, पितळी बुशांत फिरतं. बुश झिजले की ते एका बाजूला लटकून फील्डच्या लोखंडाला घासतं. त्यावरची चकचकीत घासखूण लपत नाही. कार्बन, म्हणजे फिरत्या गाभ्याला करंट देणारे ब्रश, संपत आले असतील तर स्प्रिंगचा दाब उरत नाही. कार्बन ज्यावर घासतात तो कम्युटेटर लेथवर हलकेच सोलून, पट्ट्यांमधला मायका हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खाली खरवडायचा. हे काम बघत बसावं असं आहे: रेघ रेघ, श्वास रोखून, चाळिशी नाकावर. घाईत मायका वर राहिला तर कार्बन उड्या मारतात आणि महिन्याभरात संपतात. सोलेनॉइडची जळालेली चकती काही मिस्त्री उलटी करून बसवतात. दुसरी बाजू कोरी असते. मला ही काटकसर आवडते, मात्र बोल्टही जळाले असतील तर ती फसवी ठरते.

आणि सेल्फ जोमात फिरतोय पण गाडी पेटत नाही, तर सेल्फचा काही गुन्हा नाही. झिजलेल्या डिझेल पंपात गरम, पातळ झालेलं डिझेल आतल्या आतच गळतं आणि नोझलपर्यंत दाब पोहोचत नाही. पंपावर गार पाण्याचा फडका ठेवून गाडी सुरू झाली, तर रस्ता पंपवाल्याकडे.

सोलापूरचं मोटारीशी नातं तसं जुनं. वालचंद हिराचंद इथलेच, जन्म 1882 चा. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती अमेरिकेच्या क्रायस्लरशी हातमिळवणी करून. त्याच क्रायस्लरने 1962 च्या सुमारास आपल्या गाड्यांत गिअर असलेला सेल्फ बसवायला घेतला: लहान मोटर वेगाने फिरवायची आणि गिअरने तिचा जोर साडेतीन पट करायचा. योगायोग असा, की आपलं एमआयडीसी महामंडळही 1962 चंच. आता त्या जातीचे हलके सेल्फ जुन्या पिकअपलाही बसतात, करंट कमी खातात.

ड्रायव्हरांचे स्वतःचे उपाय मात्र निराळे. सेल्फवर ओलं गोणपाट, पान्याचे दोन ठोके, स्क्रूड्रायव्हरने बोल्ट शॉर्ट करणं. ठोक्याने चिकटलेले कार्बन खरंच सुटतात. शॉर्ट करणं मात्र वाईट: गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्याच्या अंगावर जाते. सर्वांत महाग उपाय म्हणजे माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवणं. तासाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल उभ्या उभ्या जातं.

आमच्या गाडीला रिले लावून उन्हाळा सरला. दुपारी बारालाही ती एका चावीत उठते. ड्रायव्हर मात्र अजून कारखान्याच्या आत गाडी नेत नाही. गेटबाहेरच्या उतारावर, तोंड खाली करून, मागच्या चाकाला दगड लावून उभी करतो.